काचेवर चढलेलं शेवाळ

माशांची टाकी घ्यायची हौस माझीच. पोलादपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि राहते महाडला. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आलं की समोर काहीतरी हिरवं, हलणारं दिसावं, एवढंच मनात होतं. आमचा हॉल अंधारा. एकच खिडकी, तिलाही दिवसभर पडदा, कारण नवरा आणि मी दोघंही कामावर. म्हणून दुकानदाराने कमी उजेडात जगणारी झाडं दिली, जाड पानांचं अनुबियास आणि दगडाला बांधलेलं जावा फर्न. "मॅडम, यांना काही करावं लागत नाही," तो म्हणाला. पावसाळाभर खरंच काही करावं लागलं नाही.

दिवाळीनंतर कुडपणहून सासूबाई आल्या. त्यांचे गुडघे धरले होते आणि महाडला डॉक्टर जवळ, म्हणून उन्हाळ्यापर्यंत राहायचं ठरलं. त्यांना येऊन महिना झाला असेल, तेव्हा टाकीच्या काचेवर हिरवी साय दिसायला लागली. मी ती जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढली. चार दिवसांत परत आली. मग अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे केस फुटले, तेही शेवाळच. ओढले तर पान फाटायचं, पण ते सुटायचे नाहीत.

एका संध्याकाळी सासूबाई टाकीत भाताची शितं टाकताना दिसल्या आणि मला वाटलं, सापडलं कारण.

"आई, हे काय करताय? उरलेलं अन्न कुजतं, त्यानेच शेवाळ होतंय. आता टाकीला अजिबात हात लावू नका."

शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बोलायला नको होतं. हे बोलतानाच कळत होतं, तरी बोलले.

"दोन शितं टाकली गो," सासूबाई म्हणाल्या. "नाय टाकणार आता."

त्यांनी शब्द पाळला. शेवाळ मात्र वाढतच गेलं. मी टाकीचा दिवा आठ तासांवरून सहावर आणला, मग चारवर. दर रविवारी बादल्या भरभरून पाणी बदललं. दुकानदाराने शेवाळ खाणारा मासा दिला. त्या माशाने शेवाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, इतर माशांचं खाणं मात्र फस्त केलं. दुकानदाराने मग एक औषधाची बाटली दिली. तिने पाणी दुधट झालं आणि दोन मासे मेले. वर्गात मी नववीला प्रकाशसंश्लेषण शिकवत होते आणि घरी चार तासांच्या दिव्यावर हे शेवाळ कसं पोसतंय, ते मला कळत नव्हतं. चिडचिड इतकी वाढली, की नवरा म्हणाला, "देऊन टाक ना कुणाला तरी." त्याच्याशीही दोन दिवस धड बोलले नाही.

फेब्रुवारीत माझे डोळे आले. मुलांना लागण नको म्हणून मुख्याध्यापकांनी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा चष्मा लावून मी हॉलमध्ये पडले होते. नवरा कामावर गेला होता. सासूबाई आल्या, त्यांनी खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला केला, खुर्ची ओढली आणि गुडघे उन्हात पसरून वाती वळायला बसल्या. ऊन त्यांच्या गुडघ्यांवरून थेट टाकीत शिरत होतं. सगळं पाणी पिवळंधमक झालं होतं. चष्म्यातूनही माझ्या डोळ्यांना ते सोसवेना.

"आई, हा पडदा तुम्ही रोज उघडता?"

"रोज. रविवारी तेवढा नाय, तुझ्या बादल्या असतात इथं. थंडी पडल्यापासून ऊन आत येतं ना. बारा वाजले की लावून घेते, मग लय तापतं."

"अहो, त्या उन्हानेच तर शेवाळ होतंय!"

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "झाडं हायत ना ती? झाडाला ऊन नको, असं कुठं असतं गो? मला वाटलं, माझे गुडघे पण शेकतील, तुझी झाडं पण वाढतील."

"मग मला सांगितलं का नाहीत? तीन महिने मी जिवाचं रान करतेय."

"तू इचारलंस कुठं? टाकीला हात लावू नको म्हणालीस, तो नाय लावला. पडद्याचं काय बोलली नव्हतीस."

राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढायचा, ते ठरत नव्हतं. टाकी हलवायची तर पाणी, वाळू, झाडं, सगळं उपसायला हवं. आणि ऊन घरात तेवढ्याच एका जागी येत होतं. त्या म्हातारीला गुडघे शेकू नका, असं कुठल्या तोंडाने सांगणार होते? डोळे बरे झाल्यावर मी काळा कार्डशीट आणला आणि टाकीच्या मागे आणि खिडकीकडच्या बाजूला चिकटवला. सासूबाईंनी चिकटपट्टी तोडून तोडून दिली.

काचेवरची हिरवी साय पंधरा दिवसांत कमी झाली. काळे केस राहिले. अनुबियासची निम्मी पानं कापून टाकावी लागली. आता ते झाड कुणी चरून गेल्यासारखं दिसतं.

"आई, तुमच्या शितांमुळे नव्हतं ते," असं मी एकदा चहा देताना म्हटलं. "असंल," म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला. मी माशांच्या खाण्याची डबी पुढे केली, तर म्हणाल्या, "तूच टाक. तुला माप कळतं." त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मे महिन्यात त्या गावी गेल्या. परवा फर्नच्या एका नव्या पानावर परत काळी कड दिसली. दिवा चार तासच असतो, पडदा बंद आहे, खाणं चिमूटभर घालते. मी कात्री घेतली आणि ते पान देठापासून कापलं.