वसुधाच्या वहीचा समास

वसुधा गेल्याचा फोन तिच्या मुलानं, निखिलनं केला. "मावशी, आई सकाळी गेली... शांत गेली." मी नुसतं "अच्छा" म्हणाले. बारा दिवस ती हॉस्पिटलात होती आणि मी इथे नोएडात, मेट्रोनं तासाभरावर. रविवारी जाईन, रविवारी जाईन म्हणत राहिले.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही दोघी एकाच जिन्यावर वाढलो. शाळेतली लायब्ररी म्हणजे एक कुलूपबंद कपाट. किल्ली कुणाकडे असते, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे प्रोजेक्ट मिळाला की आम्ही शेजाऱ्यांची दारं वाजवत सुटायचो. तळाला पंजाब, पहिल्या मजल्यावर बंगाल, सगळ्यात वर केरळ... आमचा भूगोल जिन्यातच राहायचा. वसुधा प्रत्येकाला विचारायची, "आपने खुद देखा है?" आणि वहीच्या समासात लिहायची, 'पाहिलं' किंवा 'ऐकलं'. मोठ्या माणसांना असं विचारलेलं पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नववीत काथ्यावर प्रोजेक्ट होता. वरच्या मेननआंटींना विचारायचं काम माझ्याकडे होतं. मला कंटाळा आला. घरीच बसून मी तिच्या वहीत परिच्छेदभर मजकूर रचला आणि समासात ठोकून दिलं, 'मेननआंटी, पाहिलं'. केरळच्या बाईनं नाही पाहिलं तर कुणी पाहायचं? वसुधा गुपचूप वर जाऊन आली. "यार, त्या भिलाईत वाढल्यात! काथ्या त्यांनी फक्त पायपुसण्यात पाहिलाय." तिनं सगळा परिच्छेद खोडला. मार्क गेले, आणि मी महिनाभर तिच्याशी अबोला धरला. शेवटी तीच आली, शेजारी बसली, माझ्या डब्यातली पोळी खाऊ लागली. माझं खोटं पकडून वर माझ्यावर माया करणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. आता फार एकटं वाटतं.

तेराव्यानंतर एका दुपारी निखिल तीच वही घेऊन आला. आईनं जपून ठेवली होती म्हणाला. खोडलेला परिच्छेद तसाच होता. धीर करून मी विचारलं, "तू जवळ होतास ना रे?"

"नाही मावशी. मी चहा प्यायला खाली गेलो होतो... नर्सनं सांगितलं."

तो गेल्यावर मी वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं. लिहिलं, 'वसुधा शांत गेली.' मग पेन समासाशी नेलं. 'पाहिलं' लिहावंसं फार वाटत होतं.

'ऐकलं' लिहिलं.