बांधातलं फावडं

८ ऑगस्टला खोपट भागातल्या ऑफिसमधलं जुनं कपाट रिकामं करायला घेतलं. सहलींच्या जुन्या फायली. प्रवाशांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स फाडायच्या, बाकी रद्दीत. दुपारी एका झेरॉक्सवर हात थांबला. थांबला म्हणजे दोन मिनिटं. मग तीही फाडली.

फोटोतला माणूस सरळ समोर बघत होता, एवढंच नवल. एरवी सहलीत हे काका कायम खाली बघायचे. बस कुठेही थांबली की उतरायचे, वाकून बोटावर माती घ्यायचे आणि जिभेला लावायचे.

"काका, नाश्त्याला पोट भरलं नाही वाटतं," मागच्या सीटवरून कुणीतरी टोमणा मारायचं.

"भरला की. पन त्यात मीठ नव्हता."

प्रत्येक सहलीत एक तरी प्रवासी असतो, तुम्हीही पाहिला असेल, जो कशाचाच फोटो काढत नाही. हे काका डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातले. जन्म मिठागरात आणि बांध घालून खाडीपासून राखलेल्या खारजमिनीच्या भातात गेला. मुलांनी गावातली एक जागा विकून त्या पैशात इमारत उभी केली आणि बापाला युरोप बघायला पाठवलं. मी टूर मॅनेजर. मला वाटलं, जेवणावरून त्रास देतील. त्यांनी प्रश्नांनी दिला. आणि प्रत्येक देशात पहिला प्रश्न तोच.

"बाय, हितं बांध कोन बांधतं?"

स्वित्झर्लंडमध्ये मी म्हटलं, "काका, इथे सगळे डोंगर. बांध कशाला लागतोय?" घाट ओलांडला तशी दुकानांच्या पाट्यांवरची भाषा बदलली. ती त्यांना वाचता येत नव्हती, पण बदल दिसला. "मंग हितं डोंगरच बांध," म्हणाले. ग्रुपमध्ये डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, इतिहास शिकवलेल्या. त्या दिवसापासून त्या काकांच्या शेजारी बसू लागल्या.

जर्मनीतल्या एका लहान गावात एकच चर्च दोन पंथांनी वाटून घेतलं होतं. मध्ये भिंत. एका बाजूला एकांची प्रार्थना, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांची. बाईंनी समजावलं, की आधी एक पिढी एकमेकांना मारण्यात गेली आणि मग थकून ही वाटणी झाली. काकांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"देव येकच ना दोगांचा?"

"एकच. पुस्तकही एकच."

"तरी," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढे बर्लिन. तिथे शहर चिरणाऱ्या भिंतीचा एक तुकडा राखून ठेवलाय, त्याला टेकून सगळे सेल्फी काढत होते. काका लांबच.

"हितं नदी नाय, डोंगर नाय, देऊल नाय. मंग ही कशाची?"

"विचारांची, काका," बाई म्हणाल्या. "या बाजूचे म्हणायचे सगळं सरकारचं, त्या बाजूचे म्हणायचे ज्याचं त्याचं."

"मंग दोनी बाजूला पाऊस वेगला पडायचा का?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. बसमध्ये चढताना मला हळूच म्हणाले, "बाय, डोंगर लांबनं दिसतो. ही आधी दिसतच नाय. दिसते तवा बांधून झालेली असते."

शेवटचा मुक्काम हॉलंडमध्ये. समुद्र वर, शेतं खाली. काकांनी माती जिभेला लावली आणि पहिल्यांदाच मान डोलावली. तिथल्या म्हाताऱ्या गाइडने सांगितलं, की राजा कोण, धर्म कुठला, हे नंतरचं. बांधाची पंचायत त्याच्या आधीपासूनची. पूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा असे. ज्याला तो राखणं जमेना, त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि निघून जायचं. ते जो उपटेल, त्याची जमीन आणि त्याचाच बांध. मी मराठीत सांगितलं. रात्रीच्या जेवणाला काकांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

परत आल्यावर महिनाभराने त्यांचा फोन. हॉलंडच्या बांधाचे फोटो छापून आण म्हणाले. रविवारी घेऊन गेले.

गावाची पद्धत अशी, की उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की हाळी द्यायची आणि प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन निघायचा. भांडण असो, सुतक असो. पण आता गावात दोन पक्षांची दोन ऑफिसं झाली होती आणि देवळाच्याही दोन कमिट्या. पावसाळ्याआधी बांध भरायचा म्हणून तीसेक माणसं जमली, त्यात अर्धा तास बॅनरवर गेला.

"आमचा बॅनर नाय लागला तं आमचा मानूस येनार नाय."

"तुमची मानसं हायेत तरी किती? येका रिक्षात बसतील."

मी आणलेले फोटो कुणी हातात घेतले नाहीत. तेव्हा काका उठले. हॉलंडची गोष्ट चार वाक्यांत सांगितली आणि आपलं फावडं बांधात दांड्याच्या अर्ध्यापर्यंत रोवलं.

"माझ्यानं आता व्हत नाय. जो उपटल त्याची माझी जमीन. आनि बांध बी त्याचाच."

लोक हसले. थोरला मुलगा दंडाला धरून म्हणाला, "बाबा, चला घरी. शोभा होते." कुणी उपटलं नाही.

त्यानंतर दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मला फोन. "बाय, फावडा तसाच हाय." मी कामात असायची. एकदा म्हटलं, "काका, मग तुम्हीच काढा ना." तर म्हणाले, "अगो, मी काढला तं सगले सुटले."

भाद्रपदाच्या उधाणात खांड पडली. हातभर. काकांनी हाळी दिली, दोन म्हातारे आले. पुढच्या भरतीला त्यातून बस जाईल एवढी झाली, आणि खारं पाणी शेतात शिरून तिथेच राहिलं. काका दिवाळीच्या आधी गेले. घराच्या ओट्यावर बसल्या बसल्या.

काही महिन्यांनी मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा थोरल्याने सांगितलं, की जमीन नापीक झाल्यावर बिल्डरच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या; दोन्ही पक्ष, दोन्ही कमिट्या, एकाच टेबलावर. मोजणीवाले आले. त्यातल्या एकाला तिपाई उभी करायला फावडं मध्ये येत होतं. त्याने ते उपटलं आणि खाडीत टाकलं.

त्या शेतांवर भराव टाकून आता चार टॉवर उभे आहेत. दुसऱ्यात सहाव्या मजल्यावर मी राहते. सगळं माहीत असून घर घेतलं. डोंबिवलीत मला परवडेल असं दुसरीकडे मिळत नव्हतं. खाडीच्या बाजूला बिल्डरची भिंत आहे. बांध तिच्याखाली आहे की नाही, ते सेक्रेटरीला माहीत नाही. बांध होता हेही माहीत नव्हतं.

तर ८ ऑगस्टला कपाट संपवून संध्याकाळी घरी आले. अमावास्या होती. वॉचमन गेटवरच म्हणाला, "मॅडम, पार्किंग में थोडा पानी आया है. बारिश तो हुई नहीं." खरंच, आठवडाभर पाऊस नव्हता. खाली जाऊन पाहिलं. मागच्या भिंतीच्या तळातून पाणी येत होतं. आवाज न करता, एकसारखं.

फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर तेव्हा गणपतीचा वाद चालू होता. मंडप एकच की आमच्या टॉवरच्या ए आणि बी विंगचे वेगळे, आणि कुठल्या नगरसेवकाचा फलक लावायचा. माझ्या फोटोखाली एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याखाली पुन्हा मंडप.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गाडी पार्किंगमधून काढली आणि मेन रोडला, चढावर नेऊन लावली. तिथे आमच्याच सोसायटीच्या तीन गाड्या आधीच लागलेल्या होत्या.