टँकरचं मूळ गाव

गाव विचारल्याशिवाय आमचे अप्पा कुणालाच उंबरठा ओलांडू देत नसत, आणि या चौकशीतून एक इंग्रजी शब्दही सुटला नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाणी नुकतंच संपलं होतं. (दोन्ही एकदमच कसं झालं, याचाही अप्पांना संशय होता!) आम्ही औशाचे किराणा दुकानदार. त्या दुपारी अक्काला बघायला पाहुणे यायचे होते, घरात थेंब नव्हता, आणि गल्लीत टँकर आला. नंबर आमचा पहिला!

अप्पांनी पाइप धरला. "पाणी कुठलं?"

"टँकरचं," ड्रायव्हर म्हणाला.

"अन् हे टँकर नाव कुठलं?"

मी इंग्रजी घेऊन बी. ए. करत होतो. गप्प बसवतंय होय! "अप्पा, टँक म्हणजे आपलंच टाकं. इंग्रजांनी इथूनच नेलंय म्हणतात."

"नेलं? कुणाला इचारून?" अप्पांचे डोळे बारीक झाले. "डिक्शनरी आण. बघितल्याबिगर थेंब घ्यायचा न्हाई!"

धावत जाऊन आणली. पानावर दोन मतं होती: एक गुजराती-मराठी, दुसरं पोर्तुगीज. मी गाढवासारखी दोन्ही मोठ्यानं वाचली.

"दोन गावं सांगायलाय व्हय ह्यो शब्द? असल्याला म्या दुकानात उभा करत न्हाई!"

"काका, भरता का जाऊ?" ड्रायव्हर वैतागला.

"थांब. आधी एक गाव ठरू दे."

आमचं ठरेपर्यंत मागच्या बायांनी टँकरच्या बाजूच्या नळाला घागरी लावल्या आणि टँकर रिकामा होऊन गेलासुद्धा! आमच्या घागरी ठणठणीत कोरड्या. आईनं एक रिकामी घागर माझ्यापुढं आपटली.

तेवढ्यात पाहुणे टेकले. अप्पांनी विचारलंच, "गाव?"

"मूळचे बिदरचे. आता उदगीरचे."

दोन गावं! दाराआड अक्का रडकुंडीला आली. फटीतून बघितलेला मुलगा तिला आवडला होता. अप्पांनी तोंड उघडलं, एवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "लई ऊन हाय बगा. आधी पाणी द्या."

अप्पांचं तोंड मिटलं. घोटभर पाणी नसलेल्या घरानं कुणाचं गाव काढायचं? त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पाण्याचं ह्यो सांगंल."

आई शेजारून कळशी आणेपर्यंत मी तहानलेल्या पाहुण्यांना टँक शब्दाचा उगम सांगत होतो. दोन्ही मतांसह!

लग्न तिथंच जमलं. अक्काच्या सासरचे आजही आमच्याकडे येताना पाणी घरून भरून आणतात, आणि मी दिसलो की आधी पिऊन घेतात.