पहिली तुकडी

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. खो-खोच्या मोसमातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडणाऱ्या तिघांत एका वर्षी मी होतो, आणि जे नाव घ्यायला हवं होतं ते मी घेतलं नाही.

आज मैदानाबाहेर चहा पिताना दोघे यंदाच्या त्याच पुरस्कारावरून भांडत होते.

"करंडक ज्याचा, शाल त्याची. वाद कसला?"

"अरे, तुझ्या सरांना पोरी आयत्याच तयार मिळाल्या. भात शिजवला दुसऱ्यानं, यांनी नुसता वाढला."

हसू यायला हवं होतं. आलं नाही. चहा नुसता गरम लागला.

माझ्या निवडीच्या वर्षी एका संघाच्या प्रशिक्षक असलेल्या सुमनताई बचावाला पहिल्या तुकडीत संघातल्या सगळ्यात कच्च्या तीन मुली उतरवायच्या. उपांत्य सामन्यातही उतरवल्या आणि हरल्या. निवडीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाईंना तुकड्या लावता येत नाहीत." मला कारण ठाऊक होतं. ताईंनीच सांगितलं होतं, "दादा, चांगल्या मुली पुढे टिकल्या तर मागच्या कच्च्यांना पळायला मिळतच नाही. मग त्या यायच्याच बंद होतात." तरी बैठकीत मी होकाराची मान हलवली, तीही अध्यक्षांकडे बघून. पुरस्कार विजेत्या संघाच्या सरांना गेला आणि ताईंच्या मंडळानं त्यांच्या जागी दुसरा माणूस आणला.

जिंकलेलं गुणफलकावर दिसतं. एखादी मुलगी खेळ सोडून गेली नाही, हे कुठे दिसणार? ज्याला दिसलं होतं, तो गप्प बसला.

सुमनताईंचं देणं अजून फिटलेलं नाही. त्या वर्षीचा मान तुमचा होता आणि मला ते माहीत होतं, एवढं त्यांना समोर जाऊन सांगायचं राहिलं आहे.