दादाचं हिरवं रक्त

गवत खाऊन दुखणी बरी होत असती, तर गुरांच्या दवाखान्याला केव्हाच टाळं लागलं असतं. हे मी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तोंडावर सांगितलं होतं. पण बेळगोळच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्याच्या हातात मोबाइल आला होता आणि अंगात धन्वंतरी. गव्हांकुराचा रस म्हणे! शुगर जाते, बीपी जातं, पांढरे केस काळे होतात. दादाचं टक्कल मात्र होतं तसंच होतं.

तो रस त्याने एकट्याने ढोसला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आईच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. ती माझ्याजवळ चामराजपुरमला राहायची. दारातल्या तीन पायऱ्या चढल्या तरी खांब धरून उभी राहायची. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, तीन महिन्यांत वाढलं नाही तर रक्त चढवावं लागेल. हे ऐकून दादा गावातल्याच कुवेंपुनगरहून धावत आला, तो गोळ्या बंद करायलाच.

"हिरवं रक्त असतंय ते," तो म्हणाला. "गोळ्या सुम्मने, उगाच पोट बिघडवतात."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच दिवशी गहू पेरलेले सात वारांचे सात ट्रे माझ्या व्हरांड्यात. नवरात्रात घटाला गहू पेरण्यात जन्म गेलेली आई म्हणाली, "घट वर्षभर बसवतोस काय रे?" आणि तिने पहिल्या ट्रेला हळदकुंकू वाहिलं. दादाने पाणी इतकं ओतलं की चौथ्या दिवशी सगळ्याला बुरशी. शेवटी गहू कसा पेरायचा ते त्या महान वैद्याला आईनेच शिकवलं.

मग रोज सकाळी सहाला त्याची स्कूटर फाटकात. कात्रीने गवत कापायचं, मिक्सरला लावायचं, फडक्यातून गाळायचं आणि ग्लास आईच्या हातात देऊन समोर स्टुलावर बसायचं. हा माणूस एरवी गणपतीला आणि दसऱ्याला यायचा, तेही घड्याळ बघत. स्वतःच्या घरात पाण्याचं भांडं याने कधी हलवलं नव्हतं. आई तोंड वाकडं करून प्यायची आणि मला दोघांचाही राग यायचा. शिकलेली बाई ती, पण लेकाला एक शब्द बोलत नव्हती. मी दुपारी तिला लिंबाच्या पाण्याबरोबर लोहाची गोळी द्यायचे. तीही ती गुपचूप घ्यायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. रक्त वाढलं होतं. झालं! दादाने बरोबर फिरायला येणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांना ट्रे दाखवायला घरी आणलं आणि रिपोर्ट त्यांच्या नाकासमोर नाचवला. एक जण मान डोलावत गव्हाचं वाण विचारू लागला. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांची पिशवी आणली आणि दादासमोर टेबलावर उपडी केली.

"हे बघ तुझं हिरवं रक्त! तुझं गवत गुरांना घाल."

पाहुणे चपला शोधू लागले. दादाने एक पट्टी उचलून बघितली, खाली ठेवली आणि निघून गेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन वहिनी उचलायची, "बाहेर गेलेत," म्हणायची. आई मात्र सहाच्या आधी तोंड धुऊन, वेणी घालून खुर्चीत येऊन बसायची. गोळ्या चालूच होत्या, पायऱ्या ती आता खांब न धरता चढायची. माझंच बरोबर ठरलं होतं, आणि त्या बरोबर ठरण्याची मला लाज वाटू लागली.

आठव्या दिवशी बघवेना. मी उठून व्हरांड्यात गेले. वाढून आडवं पडलेलं गवत कापलं, वाटलं, गाळलं आणि ग्लास तिच्या हातात दिला. तिने वास घेतला आणि ग्लास लांब सारला.

"अय्यो, हे कोण पिईल ग? ओत जा तिकडं."

"तीन महिने पीत होतीस की!"

"पिऊन होईपर्यंत तो बसायचा ना," आई म्हणाली. "मी हळूहळू प्यायचे."