लाइट गेली तरी न उघडणारं दार

आमच्या बिल्डिंगच्या दाराला विजेचं कुलूप बसवायचा निर्णय माझा होता. लपवण्यात अर्थ नाही, मानपाडा रोडवर ते सगळ्यांना माहीत आहे.

सोसायटीची सेक्रेटरी मी. (बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.) दुकानदाराने विचारलं, "मॅडम, लाइट गेली की आपोआप उघडणारं हवं की बंदच राहणारं? माणसांच्या दृष्टीने उघडणारं बरं."

"चोरही माणूसच असतो," मी म्हणाले. "बंद राहणारं द्या!"

मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. फक्त माझे सासरे म्हणाले, "वंदना, डोंबिवलीत राहतेस आणि लाइटच्या भरवशावर दार ठेवतेस?"

"बॅटरी आहे ना, बाबा."

मग मी तळमजल्यावरच्या राणे काकूंकडे वळले. त्यांनी गॅलरीची जाळी कापून मागच्या बाजूला एक दार काढलं होतं, तुळशीला पाणी घालायला. पुढे एवढं महागाचं कुलूप आणि मागे हे भगदाड! मी नोटीस दिली: बेकायदा दार ताबडतोब बंद करावे.

"दार माझं, तुळस माझी," काकू म्हणाल्या. "नोटीस तुझी, तूच सांभाळ." त्या दिवसापासून बोलणं बंद.

गणपती आले. पार्किंगमध्ये सोसायटीचं मखर करायला माझा नवरा पुढे. दिव्यांच्या माळांना बॅटरी हवी होती.

"ती कुलपाची नुसती पडूनच आहे ना गं?"

"घेऊन जा," मी म्हणाले. पडून राहणाऱ्या वस्तूंचा मला मनापासून राग आहे. (माणसांचाही.)

आणि भर दुपारी लाइट गेली. त्याच वेळी बाबांना दम लागला. छाती भात्यासारखी वरखाली, ओठ निळसर. फोन करून रिक्षा दारात बोलावली. चौघांनी बाबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं.

दार बंद! आतलं बटण विजेवरचं. चावी चेअरमन सान्यांकडे, आणि साने लेकीकडे, कोपरीला. बॅटरी बाहेर मखराखाली, दाराच्या काचेतून दिसत होती. अख्ख्या डोंबिवलीत लाइट नाही आणि आमचं मखर झगमगतंय!

"काच फोडा!" मी ओरडले.

"फुटत नाही," नवरा म्हणाला. "तूच न फुटणारी घेतलीस."

बाबांनी हात वर केला. "चोर... आला का... बघा," धापा टाकत ते म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा चोर यावा म्हणून देवाला हात जोडले.

तेवढ्यात राणे काकूंचं दार उघडलं.

"आणा त्यांना इकडून. तुळस तेवढी सांभाळा."

"काकू, ते दार..."

"बेकायदा आहे, माहितीये मला. नोटीस फ्रिजवर चिकटवलीय. तू आधी बाजूला हो!"

बाबांची खुर्ची काकूंच्या स्वयंपाकघरातून, फोडणी दिलेल्या आमटीच्या बाजूने, गॅलरीतून बाहेर पडली. मी मागे चपला घेऊन.

"अजून उशीर झाला असता तर..." हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मी बाहेर जाऊन दुकानदाराला फोन लावला.

बाबा घरी आले तेव्हा मी रिक्षातूनच दुकानदाराला फोनवर झापत होते. पुढचं दार सताड उघडं होतं. कुलूप बदलून होईपर्यंत आम्ही त्याला वीट लावली होती. बाबा उतरले आणि सरळ मागच्या बाजूला चालू लागले.

"बाबा, इकडून! उघडं आहे!"

"असू दे. राणे वहिनी दारात विचारतात, बरं वाटतंय का. तू हॉस्पिटलपासून वॉरंटीच विचारतेयस."

मी फोन ठेवला. "बरं वाटतंय का, बाबा?"

त्यांनी आधी उघड्या दारातून जिन्यातल्या दिव्याकडे पाहिलं.

"लाइट आहे तोवर बरंय," ते म्हणाले.

कुलूप आता उघडणारं आहे. तरी बाबा फिरायला राण्यांच्याच घरातून जातात. जाता जाता फ्रिजवरची नोटीस मोठ्याने वाचतात, अगदी माझ्या सहीसकट.