पाहुण्यांचा बांध

दगडूआबा शेतात पोचले की आधी बांधावर बसत, टोपी काढून मांडीवर ठेवत आणि डोळे मिटत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा दमला. पण ते ऐकत असत. कांद्याचे डेंगळे, म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याचे उंच दांडे, माघात पांढऱ्या गोंड्यांनी फुलत आणि त्यांच्यावर माश्यांची गुणगुण चाले. त्या आवाजावरून आबा बियाण्याचा अंदाज करत. मी काही विचारायला गेलो की ते डोळे न उघडता म्हणत, ''गप बस रे पोऱ्या, पाव्हना बोली ऱ्हायनात.''

पाहुणे म्हणजे मधमाश्या. पाळलेल्या नव्हेत, रानातल्या. आमचं गाव चाळीसगावपासून आठ-नऊ मैलांवर, आणि आबांचं शेत आमच्या शेताला लागून. दोन्हींच्या मधे सामायिक बांध होता. एरवी बांध म्हणजे हातभर मातीची रेघ. हा मात्र चांगला पाच-सहा हात रुंद होता. त्यावर बोरी, तरवड, घाणेरी आणि एक वाकडा हिवर असं सगळं माजलेलं. बोरीच्या काट्यांत फुलोरी माशीची तळहाताएवढी पोळी असत. उघड्या मातीत बारीक भोकं दिसत. त्यांत एकेकट्या राहणाऱ्या माश्या ये-जा करत. त्यांचं नाव मला आजही नक्की सांगता येणार नाही. आबा त्यांना 'एकल्या' म्हणत. गावात त्या बांधाची चेष्टा चाले. न्हाव्याकडे कधी न गेलेलं डोकं, असं लोक म्हणत. आबा हसून सांगत, ''हाऊ मना बांध नही, पाव्हनासनी धरमशाया शे.''

आबांचा कांदा गावरान होता. लहान, चपटा, तांबूस आणि ज्येष्ठापर्यंत न सडणारा. त्याचं बी त्यांच्या आजोबांपासून घरात चालत आलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जो दारात येईल त्याला आबा ओंजळभर बी देत. पैसे घेत नसत. गावातल्या निम्म्या घरांत तोच कांदा खाल्ला जाई. दुकानातलं बी तेव्हा नुकतंच यायला लागलं होतं, पण लोक ते विकण्यासाठी लावत, खायला मात्र आबांचाच लागे.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. जळगावला बी.एस्सी.ला होतो आणि पिंप्राळ्यात एका मित्राबरोबर खोली घेऊन राहत होतो. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी येताना शेतीविषयीची एक पुस्तिका घेऊन आलो. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंना लिहिता-वाचता येत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना ती पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवी. त्यात एक वाक्य होतं : 'बांध स्वच्छ ठेवावेत, म्हणजे किडींना आसरा मिळत नाही.' भाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या आवाजात थोडा दिमाख होता, हे मला आठवतं. भाऊंनी इतकी वर्षं सांगूनही आबांनी ऐकून न घेतलेली गोष्ट आता छापील निघाली होती.

आबा त्या आठवड्यात लेकीकडे धुळ्याला गेले होते. भाऊंनी गावातला ट्रॅक्टर बोलावला. एका सकाळीच बोरी, तरवड आणि हिवर उपटून निघाले, मातीत खोल फाळ फिरला, आणि काट्यांचा ढीग दुपारी पेटवला. मी काठीने काटे आगीत लोटत होतो. धुराबरोबर काही माश्या उडाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, नाही असं नाही.

आबा परतले ते थेट आमच्या दारात आले. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवलेली नव्हती.

''भाऊ, निम्मा बांध मना व्हता ना?''

भाऊ गडबडले. ''आबा, पोऱ्यानी पुस्तकमा वाचं. तसं लिखेल शे.''

आबा माझ्याकडे वळले. ''वाच बरं, माले बी ऐकू दे.''

मी पुस्तिका आणली आणि ते वाक्य वाचलं. या वेळी आवाजात दिमाख नव्हता.

''ज्यानी हाई लिखं, त्यानी आपला बांध दखेल व्हता का?''

''नाही, आबा.''

''मंग त्याना काय दोष? तुनी तं दखेल व्हता.''

एवढंच बोलून ते गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. संक्रांतीआधीच नाला आटला. सातमाळ्याच्या डोंगराकडून येणारी आग्या मोहोळं पूर्वी होळीपर्यंत नाल्यावरच्या उंबराला लटकत. तो उंबर दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तोडला होता, आणि उरलेली मोहोळं आता महाशिवरात्रीच्या आधीच उठून जात. महाशिवरात्रीच्या सुट्टीला मी घरी आलो तेव्हा आबांचे डेंगळे ऐन फुलावर होते. शेत पांढरंशुभ्र, आणि त्यावर माश्या म्हणाल तर बोटावर मोजण्याइतक्या. आबांनी परातींत पाणी आणि खडे टाकून ठिकठिकाणी ठेवलं होतं. पण पाणी प्यायला कोणी यायला तर हवं. फूल भरलं नाही तर बी धरणार नव्हतं, आणि घरात मागच्या वर्षीचं बी मूठभरही उरलं नव्हतं. कांद्याचं बी फार दिवस टिकत नाही. हे साल गेलं की तो कांदाही गेला.

मी बांधाजवळ उभा राहिलो. ''आबा, माझ्यामुळे झालं,'' मी म्हणालो.

''एकला तुन्हा दोष नही,'' ते म्हणाले. ''नालाबी सुकी गया, ऊनबी लवकर उनं. पन तू आठे शे, त्या नहीत. चाल, हात धू.''

दव उडाल्यावर आम्ही ओळीने निघालो. एका गोंड्यावरून हलका तळहात फिरवायचा, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. माश्यांचं काम माणसांनी करायचं. मी जोर लावला की आबा ओरडत, ''दाबू नको रे बीयेस्सी! माशी कोनले दाबस का?'' दुपारपर्यंत तळव्यांना पिवळी धूळ आणि कांद्याचा वास चिकटे. अर्ध्या एकराचं ते शेत. एकदा हात फिरून होईतो मागची नवी फुलं उमललेली असत. एक माशी दिवसभरात काय करते, ते मला पुस्तकात कळलं नव्हतं, कंबरेत कळलं.

सुट्टी संपली तरी मी आठ दिवस राहिलो. एक चाचणी बुडाली. शेवटी आबांनीच मला एस.टी.त बसवलं. पुढे काय होणार याची काळजी करतच मी जळगावला गेलो.

होळीला परत आलो तर डेंगळ्यांत दोन टोप्या दिसल्या. एक आबांची आणि दुसरी भाऊंची. बांधाच्या भांडणानंतर दोघे बोलत नव्हते. आता मात्र जोरात चाललं होतं.

''आबा, तुमना हात जड शे.''

''तुन्हा ट्रॅक्टरपेक्षा हलका शे!''

भाऊ मला बघून ओशाळले आणि पुढच्या गोंड्याकडे वळले. मी गेल्यापासून ते रोज येत होते, हे मला आईने सांगितलं.

बी निघालं ते लहानशा डब्यात मावलं. एरवी गोणी भरे. आखाजीला लोक आले आणि आबांनी पहिल्यांदा सगळ्यांना हात जोडले. ''औंदा नही.'' काहीजण कुरकुरत गेले. लोक पांगल्यावर त्यांनी मला हाक मारली. एका फडक्यात अर्धं बी बांधलेलं होतं.

मी मागे सरलो. ''मला नको, आबा. माझ्याकडे कशाला?''

''धर. आठे मेलं तं तठे जगी. आन चूक करेल मानूसच जास्ती ध्यान ठेवस.''

भाऊंनी त्या पावसाळ्यात बांधाची आपली बाजू नांगरली नाही. एकल्या दुसऱ्या वर्षी दिसल्या. फुलोरी माशी यायला आणखी वेळ लागला. ती बघायला आबा नव्हते. एका उन्हाळ्यात थोड्याशा तापाचं निमित्त होऊन ते गेले. मी तेव्हा शेवटच्या परीक्षेला बसलो होतो, मला उशिरा कळलं.

त्यांच्या धाकट्या मुलाने, हिरामणने, विहीर खोल करून त्या शेतात दुकानातलं बी लावलं. आबांचा डबा त्याच्या घरात रिकामा झाला. चार वर्षांनी आखाजीच्या सकाळी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात वाटी होती आणि मान खाली.

''आबा सांगी जायेल व्हतात,'' तो म्हणाला, ''सरनं तं तुमना घर जाजो.''

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेलो, आबांनी दिलेलं बी दरवर्षी लावून आम्ही जे नवं धरत आलो होतो त्याचा डबा आणला आणि अर्धं बी मोजता न मोजता त्याच्या वाटीत ओतलं. वाटी लहान पडली. मग त्याने उपरणं पसरलं.